वरवंट्याला टोपरं

सण आला की लोक घराला दिव्यांच्या माळा लावतात. आमच्या समोरच्या दारातले उत्तमराव साळुंके घरात आहेत तेवढेही दिवे काढून ठेवतात. स्टुलावर चढायचं, एकेक बल्ब काढायचा, जुन्या पायमोज्यात घालायचा आणि फ्रिजवर ओळीनं निजवायचा. मग खिडक्यांना काळं प्लास्टिक. मग दाराला आतून गोधडी. एवढं झालं की भर दुपारी त्यांच्या घरात पाऊल टाकणाऱ्याला स्वतःचा हात दिसत नाही, आणि कोपऱ्यातून आवाज येतो, "या, या. जपून. डावीकडं मयत हाय."

ती मयत म्हणजे बहुतेक वेळा चादर पांघरलेला लोड असतो. एकदा मी होते.

उत्तमराव सणावारांच्या गोष्टींचे सिनेमे काढतात. मोबाइलवर. आपण लहानपणी भुकेल्या पोटी, नैवेद्याच्या ताटाकडं बघत ज्या कहाण्या ऐकल्या, त्याच कहाण्या. पण यांच्या हातात गेल्या की त्यांच्यावर काजळी धरते. नरकचतुर्दशीला आपण उंबऱ्याशी डाव्या पायानं कारीट फोडतो ना? उत्तमरावांनी ते कारीट इतक्या जवळून दाखवलं, आणि फुटण्याचा आवाज ओल्या फडक्यात टोमॅटो दाबून असा काही काढला, की आमच्या इमारतीतली पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीलाच उठेनात. सोसायटीचे सेक्रेटरी लहाने साहेब वर आले. "साळुंके, सणासुदीला असलं ग्रुपवर टाकत जाऊ नका." उत्तमरावांनी शांतपणे विचारलं, "का? नरकासुर काय गुदगुल्या करून मेला?"

संक्रांतीचा सिनेमा मात्र फसला. गोष्ट अशी होती की एक म्हातारा तिळगुळाची वाटी घेऊन दारोदार फिरतो आणि एकही दार उघडत नाही. शेवटी कळतं, त्या इमारतीत कोणी उरलेलंच नाही. उत्तमरावांनी सगळ्यांना आदल्या दिवशी बजावलं होतं, उद्या मी बेल वाजवीन, दार उघडू नका. पण संक्रांतीच्या दिवशी दारात तिळगूळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण परत पाठवील? प्रत्येक दार उघडलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तर यांच्याच हातावर हलवा ठेवला आणि कॅमेऱ्यात बघून "गोड बोला हं" म्हणाल्या.

"वहिनी," ते कपाळाला हात लावून माझ्या दारात उभे, "सगळी इमारत जिवंत निघाली. एक माणूस धड मरंना."

"लई उजेड हाय" हे त्यांचं पालुपद. भाचीच्या लग्नातले फोटो दाखवले, लई उजेड हाय. डॉक्टरांनी त्यांच्याच छातीचा एक्सरे खिडकीशी धरला, तर म्हणाले, "डाक्टर, लई उजेड हाय. कायबी भीती वाटंना बघून." उभा जन्म त्यांनी वाळूजच्या एका कारखान्यात काढला. रंग मारून आलेला पत्रा ट्यूबलाइटच्या रांगांखाली धरायचा आणि ओरखडा शोधायचा, हे काम. बजाजनगरात भाड्यानं राहिले, मग हा उस्मानपुऱ्यातला फ्लॅट घेतला. मी एकदा विचारलं, इतकी वर्षं लख्ख उजेडात काढलेल्या माणसाला हा अंधाराचा नाद कुठून? तर म्हणाले, "तिथं डाग लपायला जागा नव्हती, वहिनी. माणसाला थोडीतरी पाहिजे का नाय?"

हे उत्तर खरं, पण पूर्ण नाही. पूर्ण उत्तर इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

त्यांचा मुलगा प्रसाद मुंबईला वेब सिरीज लिहितो. काही वर्षांमागं त्यानं आपल्या सणांच्या कहाण्या घेऊन एक सिरीज लिहिली. लक्ष्मी दिवाळीत घरोघर हिंडते ती पावसाळी गल्लीतून, अनवाणी, आणि ज्या घरात शिरते तिथं सकाळी कोणीतरी कमी असतं, असला मामला. ऐन दिवाळीत, पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात, प्रसादनं ती टीव्हीवर लावली. बापाला कौतुक वाटेल म्हणून. उत्तमराव अर्ध्यात उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सणाची माती केली. आई असती तर तोंड बघितलं नसतं तुझं."

उत्तमरावांची बायको शकुंतला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. प्रसाद एवढंच म्हणाला, "आईनंच सांगितल्यात या, बाबा. तिनं सांगितल्या तशाच केल्यात." त्यानं बॅग भरली आणि गेला. तेव्हापासून आला नाही आणि फोनही नाही. उत्तमरावही करत नाहीत. त्याचं नावसुद्धा घेत नाहीत; फारच वेळ आली तर "मुंबईवाला" म्हणतात, जसं काही तो पार्सल आणणारा आहे.

पण पुढच्याच सणाला त्यांनी घरातले बल्ब काढले. "काळं करायचं म्हंजी काय असतं ते दावतो," म्हणाले. "त्या लोकांला जमलं नाय नीट." कुणा लोकांना, ते सांगितलं नाही. चॅनल काढलं, सिनेमे टाकायला लागले. सिनेमा टाकला की मग गॅलरीत खुर्ची घेऊन बसायचं आणि सिनेमाखाली कोण काय लिहितंय ते बघायचं. चाळीसगावच्या कुणी "छान" लिहिलं तर नाराज, नागपूरच्या कुणी "भीती वाटली" लिहिलं तरी नाराज. एका माणसानं लिहावं म्हणून तो सगळा अंधार चालला होता, आणि तो माणूस लिहीत नव्हता.

आता माझं सांगते, म्हणजे मी त्यात कशी सापडले ते कळेल.

कहाण्यांच्या बाबतीत मी तरुणपणी एक नंबरची बावळट होते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा असते, मुलाबाळांच्या आयुष्यासाठी. तिची कहाणी फार जुनी आणि फार वाईट. राणीला मूल नसतं. ती सुईणीला हाताशी धरते, एका गरीब बाईचं नुकतं जन्मलेलं बाळ पळवते, त्याच्या जागी वरवंटा ठेवते आणि त्या बाईला सांगते, तुला वरवंटा झाला. ती बाई हिरवं लुगडं सोडते, हिरव्या बांगड्या सोडते, तांदळाचं धुवण ओलांडत नाही. एवढी ती कहाणी मी सासरच्या पहिल्या श्रावणात ऐकली आणि मनाला लावून घेतली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातच माझ्या हातून तांदळाचं धुवण सांडलं. झालं. मी आत अडकले. बाहेर सासरे, दीर, पाहुणे पानावर बसलेले, आणि मी आतून हात लांब करकरून एकेक वाटी सरकवतेय. सासूबाई आल्या, दाराशी थांबल्या, धुवणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ते कहाणीतल्या आईनं पाळायचं. तुला तर अजून वरवंटाही झाला नाही."

पुढं मुलं झाली तेव्हा मी शहाणी झाले, असं मला वाटलं. मी कहाणी धुऊन-पुसून सांगायला लागले. माझ्या गोष्टीत सुईण चांगली होती. मुलीनं विचारलं, मग पाळण्यात वरवंटा कसा आला? तर मी म्हटलं, चुकून. आवराआवरीत. समोरच्या घरात शकुंतला तिच्या एकुलत्या एकाला तीच कहाणी सांगायची, पण एक अक्षर न गाळता, अशा हळू आवाजात की उघड्या दारातून ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी तिला म्हणायचे, अगं, लेकरू घाबरेल. ती म्हणायची, "घाबरलं की कुशीत येतंय ना. येऊ दे की."

तर गेल्या श्रावणात उत्तमराव दारात येऊन उभे. "वहिनी, शुक्रवारी दुपारी मोकळ्या हाव का? जिवती काढायचीय."

"मी काय करू त्यात?"

"आईचं काम. तुमचा चेहरा लई उपयोगाचा हाय. दुःख दाखवायची मेहनत नाय, आधीच उतरलेला हाय."

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नायिका होते. एवढी पावडर थापली होती की एंट्रीला टाळ्यांऐवजी पुढच्या रांगेतून शिंका आल्या, आणि तरी मी महिनाभर स्वतःला नटी समजत होते. त्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं होतं की थांब बाई, सत्तरी ओलांड, मग तुझ्या चेहऱ्याला भाव येईल. मी म्हटलं, "हिरवं नेसायचं नाही ना? मग येते."

शुक्रवारी गेले. गोधडी बाजूला करून आत पाऊल टाकलं आणि डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीवर जिवतीचा कागद, त्याच्यापुढं एकच निरांजन. मधोमध पाळणा. प्रसादचाच, माळ्यावरून काढलेला. लाकडाला अजून वेखंडाचा वास. पाळण्यात शकुंतलेचा वरवंटा, तेल लावलेला, झबल्यात, डोक्याकडच्या टोकाला टोपरं, टोपऱ्याची नाडी हनुवटीखाली बांधावी तशी बांधलेली.

यात नवीन काही नाही, हे मला कळत होतं. बारशाला आपण बाळाआधी वरवंट्यालाच टोपरं घालून पाळण्यात निजवतो, झोके देतो आणि बायका खिदळतात. पण बारशाला घरभर माणसं असतात, आणि बाळही असतं.

"टोपरं बाजूला करायचं," अंधारातून उत्तमराव म्हणाले, "खाली बघायचं. रडायचं नाय."

"मग काय करायचं?"

"पाजायला घ्यायचं."

मी मुकाट्यानं वाकले आणि उचलला. वरवंटा कोमट होता. हात इतका दचकला की टाकलाच असता. दगड असा कधी नसतो. असं फक्त एकच काहीतरी असतं, झोपेतून उचललेलं. मी म्हटलं, "उत्तमराव, हा गरम का आहे?"

"उन्हात ठेवला व्हता सकाळच्यानं. तुमाला गार लागू नये म्हनून."

"तुम्ही माझ्या काळजीनं मला मारणार एक दिवस."

"हां, असंच तोंड ठेवा. असंच. लई झकास."

तो तुकडा झाला. मी वरवंटा पाळण्यात ठेवला, झबलं सारखं केलं, का कोण जाणे. उत्तमराव चहा आणायला आत गेले. मी भिंतीशी बसले. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि पाळणा हलत होता. थोडासाच. कुर्र, थांबून पुन्हा कुर्र. मला वाटलं, काळा दोरा बांधून स्वयंपाकघरातून ओढत असणार. कारीट फोडणाऱ्या माणसाला काय अवघड आहे. तेवढ्यात उत्तमराव बाहेर आले. दोन्ही हातांत दोन कप.

"दोरा कुठं बांधलाय?" मी विचारलं.

"कसला दोरा?"

मी पाळण्याकडं बोट केलं. त्यांनी बघितलं. मग माझा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "हलतोय व्हय. हलू द्या. सवय गेली नाय त्याची अजून."

चहा मी एका घोटात संपवला. चटका बसला तेही नंतर कळलं.

शेवटचा तुकडा अक्षतांचा होता. कहाणीतल्या त्या आईला कुणी कितीही सांगितलं, तरी तिच्या जिवाला पटत नाही की आपल्याला दगड झाला. ती दर शुक्रवारी पूजा करते आणि चारी दिशांना अक्षता टाकते, माझं बाळ जिथं असेल तिथं सुखी असो म्हणते, आणि तिकडं राजवाड्यात खेळणाऱ्या मुलाच्या डोक्यावर अचानक तांदूळ पडतात. आपल्याकडं अजून आया हे करतात, ज्यांची मुलं परगावी आहेत त्या. मी आता करत नाही. मुलगी व्हिडिओ कॉल लावते आणि मी मोबाइललाच ओवाळते. एकदा निरांजनानं त्याच्या काचेवरचं प्लास्टिक आकसलं.

उत्तमरावांनी गॅलरीचं दार एक वीतभर उघडलं. "एवढा उजेड चालतोय," म्हणाले. मी वाटी घेऊन दारात उभी राहिले. पूर्वेला टाकल्या, दक्षिणेला, उत्तरेला, मग समोर पश्चिमेला. "माझं बाळ जिथं असेल तिथं सुखी असो."

"पुन्हा घेऊ," उत्तमराव म्हणाले.

पुन्हा घेतलं.

"पश्चिमेच्या लई हळू पडल्या. त्या जरा लांब जाऊ द्या."

पुन्हा टाकल्या. गॅलरीत फरशीवर पडल्या.

"अजून. तिकडं जोर लावा."

"अहो, पश्चिमेला आहे काय एवढं? वाळूज? कंपनीतल्या लोकांना टाकू का अक्षता?"

"त्याच्यापुढं," ते म्हणाले. "बरंच पुढं."

मी तेव्हा वळून बघितलं. इतका वेळ मी कॅमेऱ्याकडं बघायचं नाही म्हणून बघत नव्हते. तिवईवरचा मोबाइल काळाठिक्कर होता. मी जवळ जाऊन बोट लावलं. उठला नाही.

"उत्तमराव, फोन बंद पडलाय तुमचा."

"व्हय."

"कधीपासून?"

"तुमी वाटी घेतली तवापासून." ते पाळण्याच्या काठाला धरून उभे होते. "आदीच बॅटरी कमी व्हती. पण तुमी टाकायला लागला व्हता. थांबवावं वाटंना."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"शकू टाकायची," ते म्हणाले. "तो होस्टेलात व्हता तवा. मी म्हनायचो, अगं, तांदूळ सांडू नको. ती गेल्यावर एकाही शुक्रवारी टाकल्या न्हाईत कोनी त्याच्यावर. बाप्यानं टाकायच्या नसत्यात म्हनत्यात. तसं नसतं तर तुमाला तरास दिला नसता."

कुणी म्हटलं तसं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नेम कुठं लिहिलाय, कुणी केलाय? पण वाद घालायची ती वेळ नव्हती. मी वाटी पुन्हा भरून घेतली. "नाव काय घेऊ? कहाणीतल्या आईला बाळाचं नाव माहीत नसतं. मला माहीत आहे."

त्यांनी टोपऱ्याची नाडी सारखी केली. मग म्हणाले, "परशा म्हना. ती परशा म्हनायची."

मी नाव घेतलं आणि टाकल्या. वय झालं, खांदा दुखतो; पुन्हा गॅलरीतच पडल्या. उत्तमराव "झालं, झालं, बास" म्हणाले आणि मला माझ्या दारापर्यंत सोडायला आले, दोन पावलांच्या अंतरावर, जसं काही मी मुंबईला निघाले होते.

घरात आले आणि लक्षात आलं, वाचायचा चष्मा तिकडंच राहिला. परत गेले. दार लोटलेलं होतं, गोधडी अर्धी सरकलेली. आतल्या काळोखातून समोर गॅलरीची उजळ चौकट दिसत होती, आणि त्या चौकटीत उत्तमराव फरशीवर बसले होते, गुडघ्यावर हात टेकून, माझ्या अक्षता एकेक वेचत. पत्र्यावरचा बारीकसा ओरखडा शोधणारी बोटं ती. एक दाणा सुटला नसेल. सगळ्या मुठीत झाल्या तसे उठले. डावीकडच्या गॅलरीत कोणी नाही ना, ते बघितलं. उजवीकडं बघितलं. मग हात मागं नेला आणि असा काही फेकला की तोल जाऊन कठड्याला धरावं लागलं.

अक्षता मुंबईला गेल्या की नाही ते जिवती जाणे. खाली स्कूटर लावायच्या पत्र्यावर मात्र ताडताड वाजल्या, आणि लहाने साहेबांचा आवाज आला, "वर कोण आहे? काय फेकताय?"

उत्तमराव मागं सरतील, आत पळतील, असं मला वाटलं. मी तरी पळाले असते. ते कठड्यावरून खाली वाकले.

"मी हाय," ते म्हणाले. "परशाचा बाप."